स्तनाच्या कर्करोगातील ईआर, पीआर, हर-टू आणि इतर चाचण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ ते पनवेल या पट्ट्यातील रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि लहान नर्सिंग होममधील कर्मचारी आमच्या हिस्टोपॅथॉलॉजी प्रयोगशाळेला जे प्रश्न सातत्याने पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. कोणते उपचार घ्यावेत हा निर्णय ऑन्कॉलॉजिस्टचा असल्यामुळे त्याविषयी येथे सल्ला दिलेला नाही. चाचणी कशी होते आणि तिच्यावर कितपत विसंबावे एवढाच या पानाचा विषय आहे. शस्त्रक्रिया किंवा बायॉप्सी अद्याप व्हायची असेल, तर प्रश्न ५ आधी वाचावा, कारण त्यात सांगितलेल्या गोष्टी नंतर दुरुस्त करता येत नाहीत.

१. बायॉप्सीत कर्करोग असल्याचे निश्चित झाले आहे. मग ईआर, पीआर, हर-टू या चाचण्या आणखी कशासाठी?

बायॉप्सीची स्लाइड पाहून पेशी कर्करोगाच्या आहेत का, कोणत्या प्रकारच्या आहेत आणि त्यांची ग्रेड (निरोगी पेशींपेक्षा त्या किती वेगळ्या दिसतात, याची १ ते ३ अशी पातळी) काय आहे हे कळते. परंतु त्या कोणत्या औषधाला दाद देतील हे त्यांच्या रूपावरून सांगता येत नाही. ईआर आणि पीआर हे अनुक्रमे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे रिसेप्टर असून ते पेशीच्या केंद्रकात असतात. ते आढळले तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्यांचा उपयोग होण्याची शक्यता असते. हर-टू हे पेशीच्या आवरणावरील प्रथिन आहे. त्याचे जनुक १७ व्या गुणसूत्रावर असते आणि काही गाठींमध्ये त्या जनुकाच्या प्रती वाढल्यामुळे हे प्रथिन प्रमाणाबाहेर तयार होते. त्याच्यावर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत १९९८ मध्ये मान्य झाले आणि तेव्हापासून हर-टूची तपासणी स्तनाच्या प्रत्येक आक्रमक कर्करोगात आवश्यक ठरली.

२. हे सगळे रक्ताच्या तपासणीत का कळत नाही? आम्ही सीए १५-३ करून घेतले आहे.

सीए १५-३ हा रक्तातील मार्कर काही रुग्णांमध्ये पसरलेल्या आजाराचा मागोवा घेण्यासाठी उपयोगी पडतो. सुरुवातीच्या टप्प्यातील अनेक रुग्णांमध्ये तो सामान्य असतो आणि यकृताच्या काही साध्या आजारांत वाढलेला दिसतो, त्यामुळे त्यावरून निदान करता येत नाही आणि ईआर किंवा हर-टूविषयी तर त्यातून काहीच कळत नाही. त्यासाठी गाठीचा तुकडाच लागतो. रक्तावर होणाऱ्या काही जनुकीय चाचण्या मात्र खरोखर उपयोगाच्या आहेत; त्यांच्याविषयी प्रश्न १२ आणि १६ पहावेत.

३. सुईने नमुना काढून एफएनएसी झाली आहे. त्यावरच या चाचण्या करता येणार नाहीत का?

शक्यतो करू नयेत. एफएनएसीत बारीक सुईतून सुट्या पेशी मिळतात, ऊतीची रचना मिळत नाही. त्यामुळे कर्करोग आक्रमक आहे की दुग्धनलिकेच्या आतच मर्यादित आहे हे सांगता येत नाही. हर-टू आक्रमक भागावरच मोजायचा असल्यामुळे ही उणीव गंभीर ठरते. शिवाय पेशी बहुधा अल्कोहोलमध्ये स्थिर केलेल्या असतात आणि आमच्या पद्धती फॉर्मेलिनमधील ऊतीवर तपासून निश्चित केलेल्या असतात. म्हणून सर्जन कोअर बायॉप्सी (जाड सुईने ऊतीचा बारीक तुकडा काढणे) सुचवतात तेव्हा ‘पुन्हा सुई कशाला’ असे म्हणून ती टाळू नये.

४. आयएचसी म्हणजे नेमके काय करतात आणि अहवालाला इतके दिवस का लागतात?

फॉर्मेलिनमध्ये स्थिर झालेली ऊती रात्रभर यंत्रात प्रक्रिया होऊन मेणात बसवली जाते. हाच तो ‘ब्लॉक’. त्याचा तीन ते चार मायक्रॉन जाडीचा काप विशेष लेप असलेल्या काचेवर घेतला जातो, मेण काढून टाकले जाते आणि ठरावीक द्रावणात तापवून फॉर्मेलिनमुळे झाकले गेलेले प्रथिन पुन्हा उघडे केले जाते. त्यानंतर फक्त ईआरला, किंवा फक्त हर-टूला, चिकटणारे प्रतिपिंड सोडले जाते आणि ते जेथे चिकटले तेथे दुसऱ्या टप्प्यात तपकिरी रंग उमटवला जातो. ईआर आणि पीआरचा रंग केंद्रकात, तर हर-टूचा पेशीच्या आवरणावर दिसला पाहिजे. भलत्या ठिकाणी उमटलेला रंग मोजला जात नाही.

१९९० च्या दशकात ही पद्धत रुळण्यापूर्वी ईआर मोजण्यासाठी ताजी, गोठवलेली ऊती आणि किरणोत्सारी संप्रेरक लागत असे. आज ठाण्यातील मध्यम प्रयोगशाळेतही हे काम होते, परंतु टप्पे वगळता येत नाहीत. स्थिरीकरण, प्रक्रिया, नेहमीच्या रंगांची स्लाइड पाहून योग्य ब्लॉक निवडणे आणि मग आयएचसी असा क्रम असतो. फिश (जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी, प्रश्न ९) लागली तर आणखी दिवस वाढतात. ‘तातडीने द्या’ या आग्रहापोटी पहिला टप्पा आटोपता घेतला गेला तर काय होते, हे पुढच्या उत्तरात आहे.

५. ऑपरेशन जवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये होणार असून गाठ आम्हालाच लॅबमध्ये पोहोचवायची आहे. काय काळजी घ्यावी?

चुकीच्या अहवालांचा विषय निघाला की लोक यंत्राविषयी किंवा प्रतिपिंडाच्या कंपनीविषयी विचारतात. आमच्या मते मात्र या चाचणीचे बरेचसे भवितव्य गाठ शरीराबाहेर आल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, म्हणजे कोणीही पॅथॉलॉजिस्ट तिच्याकडे पाहण्याआधीच ठरलेले असते.

रक्तपुरवठा तुटताच ऊतीतील प्रथिने झिजू लागतात. म्हणून गाठ काढल्यापासून फॉर्मेलिनमध्ये जाईपर्यंत एका तासापेक्षा अधिक वेळ जाऊ नये, असे अमेरिकेतील एएससीओ (कर्करोगतज्ज्ञांची) आणि सीएपी (पॅथॉलॉजिस्टांची) या संस्थांची संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. फॉर्मेलिनमध्ये ती किमान ६ आणि कमाल ७२ तास राहावी, ही त्यांचीच दुसरी अट आहे. सहा तासांहून कमी वेळ मिळाला तर आतला भाग कच्चा राहतो आणि पुढे यंत्रातील अल्कोहोल त्याला वेगळ्याच प्रकारे स्थिर करते. परिणामी ईआर असूनही दिसत नाही, असे घडू शकते. कोअर बायॉप्सीचे तुकडे बारीक असले तरी त्यांनाही हाच सहा तासांचा नियम लागू आहे. उलट शनिवारी दुपारी काढलेली गाठ सुट्ट्या आणि विसर्जन मिरवणुकीमुळे बुधवारी आमच्याकडे आली, तर ७२ तासांची मर्यादा ओलांडलेली असते. अशा वेळी चाचणी होते, पण निगेटिव्ह निकालाकडे साशंकतेने पाहावे लागते.

फॉर्मेलिन ऊतीत अतिशय सावकाश, तासाला साधारण एक मिलिमीटर या गतीने शिरते. संपूर्ण स्तन अखंड अवस्थेत बरणीत कोंबला तर मध्यभागातील गाठीपर्यंत ते दुसऱ्या दिवशीही पोहोचलेले नसते. म्हणून मोठा नमुना लवकरात लवकर पाच ते दहा मिलिमीटरच्या चकत्यांमध्ये कापावा लागतो. हे काम कडांवर खुणा करून पॅथॉलॉजिस्टने, किंवा त्याच्याशी बोलून सर्जनने करायचे असते, नातेवाइकांनी नव्हे. बरणीत ऊतीच्या दहापट फॉर्मेलिन असावे आणि ते १० टक्के न्यूट्रल बफर्ड असावे. बाजारातील तीव्र फॉर्मेलिनमध्ये अंदाजाने नळाचे पाणी मिसळण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी आढळते. बफर नसलेले असे द्रावण हळूहळू आम्लधर्मी होते आणि ऊतीचे नुकसान करते. सलाइनमध्ये ठेवलेली गाठ तर स्थिर होतच नाही.

ट्रान्स-हार्बरच्या लोकलमधून बरणी नेणाऱ्या नातेवाइकासाठी सूचना थोडक्या आहेत. झाकण घट्ट असावे आणि बरणी दोन पिशव्यांत उभी ठेवावी. गळते म्हणून फॉर्मेलिन ओतून देऊ नये, झाकण उघडून वास घेऊ नये, बर्फात किंवा फ्रीझरमध्ये बरणी ठेवू नये. रुग्णाचे नाव झाकणावर नव्हे तर बरणीवर लिहिलेले असावे, कारण झाकणे बदलतात. गाठ काढल्याची आणि फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ फॉर्मवर लिहून घेण्याचा आग्रह नातेवाइकांनी अवश्य धरावा. आणि ‘दोन मते मिळावीत’ म्हणून गाठ अर्धी कापून दोन प्रयोगशाळांना कधीही देऊ नये. त्यामुळे आकार, कडा आणि नेमका प्रातिनिधिक भाग असे सारेच हातचे जाते. दुसरे मत ब्लॉकवर घेता येते (प्रश्न १४).

६. एका अहवालात ‘ईआर ५/८’ आहे आणि दुसऱ्यात ‘ईआर ४०%’. दोन्हींत फरक आहे का?

बहुधा नाही. आठपैकी गुण देण्याच्या पद्धतीस ऑलरेड गुणांकन म्हणतात. त्यात रंगलेल्या पेशींच्या प्रमाणाला ० ते ५ आणि रंगाच्या गडदपणाला ० ते ३ गुण देऊन बेरीज केली जाते. ४० टक्के पेशी फिक्या रंगल्या असतील तर ४ अधिक १, म्हणजे ५/८ होतात, आणि दोन्ही अहवाल एकच गोष्ट सांगतात. येथे एक मेख आहे. केवळ ५ टक्के पेशी गडद रंगल्या तरी २ अधिक ३ मिळून ५/८ च होतात, पण ती गाठ वेगळ्या गटातील असते (प्रश्न ७). म्हणून नुसत्या बेरजेवर समाधान मानू नये. टक्केवारी आणि गडदपणा दोन्ही स्वतंत्रपणे लिहून मागावेत.

७. आईचा ईआर ५ टक्के आहे. डॉक्टर पॉझिटिव्ह म्हणतात, पण इंटरनेटवर निगेटिव्हसारखा समजावा असे वाचले. खरे काय?

दोन्हींत तथ्य आहे. एक टक्का किंवा अधिक पेशी रंगल्या तर अहवाल पॉझिटिव्ह द्यायचा असतो. मात्र एएससीओ-सीएपी तत्त्वांच्या २०२० च्या सुधारणेनुसार १ ते १० टक्के या पट्ट्याला ‘ईआर लो पॉझिटिव्ह’ असे वेगळे नाव द्यायचे असते. या गटातील रुग्णांना गोळ्यांचा काही लाभ होऊ शकतो म्हणून दार बंद केले जात नाही, परंतु त्याविषयीचा पुरावा मर्यादित आहे आणि यांतील अनेक गाठी जनुकीय दृष्ट्या ईआर-निगेटिव्ह गाठींसारख्या वागतात.

अशा अहवालात आणखी एक वाक्य शोधावे: शेजारच्या निरोगी दुग्धनलिकांमध्ये ईआर रंगला होता का? निरोगी नलिकांतील काही पेशी नेहमीच रंगायला हव्यात. त्याही कोऱ्या असतील तर गाठीत ईआर नसण्यापेक्षा चाचणीच बिघडली असण्याची शक्यता अधिक असते. नमुन्यात निरोगी नलिकाच नसतील तर तसे लिहिलेले असावे आणि शस्त्रक्रियेनंतरच्या मोठ्या नमुन्यावर चाचणी पुन्हा करण्याचा विचार व्हावा.

८. हर-टू २+ आला आहे. हा पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

अनिर्णित. हर-टूचे आयएचसी गुण ०, १+, २+ आणि ३+ असे असतात. दहा टक्क्यांहून अधिक पेशींभोवती पूर्ण आणि गडद कडे दिसले तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. तेवढ्याच पेशींभोवती पूर्ण पण फिके ते मध्यम कडे असेल तर २+. अपुरे आणि जेमतेम दिसणारे असेल तर १+. शून्य आणि १+ निगेटिव्ह धरले जातात. २+ मध्ये मात्र जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत की नाहीत हे थेट मोजावे लागते. त्यासाठी त्याच ब्लॉकवर फिश करतात. फिशविना २+ चा अहवाल अपुराच राहतो आणि त्याच्या आधारे हर-टूविरोधी औषध सुरूही करू नये, नाकारूही नये.

९. फिशमध्ये गुणोत्तर २.३ आले तरी अहवाल निगेटिव्ह कसा?

फिशमध्ये हर-टू जनुक आणि १७ व्या गुणसूत्राचा मध्यबिंदू यांना दोन वेगळ्या रंगांचे चमकणारे ठिपके लावून अंधाऱ्या खोलीत किमान वीस पेशींमध्ये ते मोजतात. गुणोत्तर २.० किंवा अधिक असणे ही एक अट झाली. प्रत्येक पेशीत हर-टूचे सरासरी चार किंवा अधिक ठिपके असणे ही दुसरी. आपल्या अहवालात हर-टू ३.२ आणि मध्यबिंदू १.४ असेल, तर गुणोत्तर २.३ येते खरे, परंतु ते हर-टू वाढल्यामुळे नव्हे, तर मध्यबिंदूचे ठिपके कमी भरल्यामुळे. त्याच तत्त्वांनुसार २०१८ पासून अशा वेळी आयएचसीची स्लाइड शेजारी ठेवून, २+ असल्यास दुसऱ्या व्यक्तीकडून मोजणी करून घेऊन निर्णय द्यायचा असतो, आणि आयएचसी ३+ नसेल तर निकाल निगेटिव्ह दिला जातो.

याची उलट बाजूही आहे. गुणोत्तर १.६ असूनही प्रत्येक पेशीत हर-टूचे सहा किंवा अधिक ठिपके असतील आणि आयएचसी २+ असेल, तर फेरमोजणीनंतर अहवाल पॉझिटिव्ह होतो. चार ते सहा ठिपके आणि गुणोत्तर २ पेक्षा कमी, हा पूर्वी रेंगाळणारा गट; आता आयएचसी ३+ नसल्यास तोही निगेटिव्ह धरतात. म्हणून फिशच्या अहवालात केवळ गुणोत्तर असेल तर तो अपूर्ण समजावा.

१०. हर-टू १+ म्हणजे निगेटिव्ह, तरी डॉक्टर ‘हर-टू लो’ म्हणून महागड्या इंजेक्शनचा उल्लेख करतात. हे नवीन काय?

१+, किंवा २+ पण फिश निगेटिव्ह, अशा गाठींना ‘हर-टू लो’ म्हणतात. पसरलेल्या आजारात अशा रुग्णांनाही ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकानचा लाभ होतो असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेस्टिनी-ब्रेस्ट०४ या रुग्णांवरील औषध-अभ्यासात दिसले. पुढे दहा टक्के किंवा त्याहून कमी पेशींत पुसट रंग असलेल्या गाठींसाठी ‘अल्ट्रालो’ ही संज्ञा आली आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत संप्रेरक-पॉझिटिव्ह, पसरलेल्या आजारासाठी या औषधाला त्या गटातही मान्यता मिळाली.

प्रयोगशाळेच्या दृष्टीने ही अवघड मागणी आहे. ही चाचणी ३+ ओळखण्यासाठी घडवलेली होती. ० आणि १+ यांतील सीमारेषेवर अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचेही एकमत होत नाही. त्यामुळे जुन्या अहवालात ० असेल आणि उपचाराचा प्रश्न खरोखर उभा असेल, तर जुनी स्लाइड पुन्हा पाहून घेणे किंवा दुसऱ्या नमुन्यावर चाचणी करणे रास्त आहे. सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णाने या शब्दाची काळजी करण्याचे कारण नाही.

११. की-६७ एका ठिकाणी १५ टक्के आणि दुसरीकडे २५ टक्के आला. कोणता धरायचा?

की-६७ हे विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींचे प्रमाण आहे आणि गाठीचा कोणता भाग मोजला यावर ते बदलते. या विषयावरील आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या मते ईआर-पॉझिटिव्ह, हर-टू-निगेटिव्ह अशा सुरुवातीच्या गाठींमध्ये ५ टक्के किंवा कमी आणि ३० टक्के किंवा अधिक एवढीच टोके भरवशाची आहेत; १५ आणि २५ नेमके मधल्या धूसर पट्ट्यात पडतात. अबेमासिक्लिब या औषधासाठी अमेरिकेने आधी २० टक्क्यांची अट घातली होती, ती २०२३ मध्ये काढून टाकली. त्यामुळे या एका आकड्यावरून केमो घ्यायची की नाही हे ठरवू नये.

१२. तिन्ही निगेटिव्ह आले. अहवाल चुकीचा असू शकतो का, आणि पुढे कोणत्या चाचण्या?

भारतातील अभ्यासांमध्ये ट्रिपल निगेटिव्हचे प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा जास्त आढळते. त्यातील काही वाटा सदोष स्थिरीकरणाचा असावा अशी शंका घेण्यास जागा आहे, पण सर्व फरक तेवढ्याने उलगडत नाही. गाठ ग्रेड १ ची किंवा नेहमीच्या लोब्युलर प्रकारची (पेशी सुट्या, एका रांगेत पसरणारी) असून ईआर निगेटिव्ह असेल, तर अहवाल पुन्हा तपासून घ्यावा, कारण अशा गाठी जवळजवळ नेहमी ईआर-पॉझिटिव्ह असतात. पीआर पॉझिटिव्ह आणि ईआर निगेटिव्ह ही जोडीही अशीच संशयास्पद असते. ग्रेड ३ ची गाठ असेल आणि निरोगी नलिका नीट रंगल्या असतील, तर निकाल बहुधा खरा असतो.

पुढे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या, आनुवंशिक दोष असल्यास कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या, जनुकांची तपासणी रक्तावर किंवा लाळेवर करतात. तिचा संबंध रुग्णाच्या उपचारांशी तसाच बहिणी आणि मुलामुलींशीही असतो, म्हणून आधी जनुकीय समुपदेशन घ्यावे. पीडी-एल१ या प्रथिनाची चाचणी पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधासाठी पसरलेल्या आजारात करतात; त्यात २२सी३ हे प्रतिपिंड वापरून सीपीएस (रंगलेल्या पेशींवरून काढलेला) गुणांक १० किंवा अधिक आहे का हे पाहिले जाते. सुरुवातीच्या टप्प्यात त्या औषधाचा निर्णय पीडी-एल१ वर अवलंबून नसल्यामुळे तेथे हा खर्च टाळता येतो.

१३. दोन प्रयोगशाळांचे अहवाल जुळत नाहीत. कोणावर विश्वास ठेवावा?

प्रथम दोघांनी एकच ब्लॉक तपासला का ते पहावे. कोअर बायॉप्सी आणि शस्त्रक्रियेचा नमुना यांत फरक आला, तर लवकर स्थिर झालेली कोअर बायॉप्सी अनेकदा अधिक विश्वासार्ह ठरते. मात्र हर-टू गाठीत सर्वत्र सारखा नसला तर मोठ्या नमुन्यात खरोखर वेगळे चित्र दिसू शकते. एकच ब्लॉक असूनही फरक असेल तर दोन्ही स्लाइड, नियंत्रण स्लाइडसह (निकाल आधीच ठाऊक असलेली, पडताळणीसाठी सोबत रंगवलेली स्लाइड), तिसऱ्या पॅथॉलॉजिस्टने शेजारीशेजारी पहाव्यात. तिसऱ्या ठिकाणी नवी चाचणी करून बहुमत काढणे हा उपाय नव्हे.

प्रयोगशाळा निवडताना एनएबीएलचे (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे) प्रमाणपत्र आहे का, एवढेच विचारू नये. त्या प्रमाणपत्राच्या कक्षेत आयएचसी आणि फिश या चाचण्या आहेत का आणि प्रयोगशाळा बाह्य गुणवत्ता तपासणीत भाग घेते का हेही विचारावे. नमुना गोळा करणारे केंद्र घोडबंदर रोडवर असले तरी चाचणी दुसऱ्या शहरात होत असू शकते.

१४. पुढील उपचार खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये किंवा परळच्या टाटा मेमोरिअलमध्ये घ्यायचे आहेत. सोबत काय न्यावे?

मूळ अहवाल, रंगवलेल्या सर्व स्लाइड आणि ब्लॉक. मोठ्या कर्करोग केंद्रांमध्ये बाहेरील निदानाची फेरतपासणी करण्याची पद्धत आहे आणि तिच्यासाठी ब्लॉक सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यातून नवे काप घेता येतात. ब्लॉकऐवजी न रंगवलेले काप मिळाले तर ते सहा आठवड्यांच्या आत वापरले जावेत. त्यानंतर त्यांतील प्रथिनांची ओळख मंदावते. ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो, पण तो मेणाचा असल्यामुळे उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. कोणते क्रमांक दिले-घेतले याची सहीनिशी पोच दोन्ही ठिकाणी घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होणार असतील तर चाचणीचा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का हे संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

१५. आधी केमो झाली आणि ऑपरेशनमध्ये गाठ उरलीच नाही. आता चाचण्या कशावर करायच्या?

केमोपूर्वीच्या कोअर बायॉप्सीवर. त्या रुग्णासाठी तोच एकमेव पुरावा उरतो. म्हणून केमो सुरू होण्याआधी ईआर, पीआर, हर-टू आणि लागल्यास फिशही पूर्ण व्हायला हवी. गाठ काही प्रमाणात उरली असेल तर तिच्यावर चाचण्या पुन्हा करता येतात आणि त्यांत कधीकधी बदल दिसतो.

१६. पाच वर्षांनी आजार हाडात पसरला. हाडाच्या बायॉप्सीत ईआर निगेटिव्ह आला, पूर्वी पॉझिटिव्ह होता. असे होते का?

होते, परंतु हाडाच्या बाबतीत आधी एक तांत्रिक कारण तपासावे. हाड कापता यावे म्हणून त्यातील कॅल्शियम आम्लात विरघळवतात आणि तीव्र आम्ल प्रथिनांना तसेच डीएनएलाही इजा करते. मग ईआर खोटा निगेटिव्ह येतो आणि फिश तर अनेकदा वाचताच येत नाही. ईडीटीए हे द्रावण सावकाश काम करते, पण हानी कमी करते. बायॉप्सीच्या फॉर्मवर ‘स्तनाचा जुना कर्करोग, ईआर आणि हर-टू आवश्यक’ असे लिहिलेले असेल तर आम्ही मऊ तुकडे वेगळे काढून आम्लाशिवाय प्रक्रिया करतो. यकृत किंवा लसिका ग्रंथीतील गाठ सहज गाठता येत असेल तर तिची बायॉप्सी श्रेयस्कर. हे सर्व निर्दोष असूनही निकाल बदललेला असेल, तर तो आजाराचा खरा बदल मानला जातो.

अशा टप्प्यावर ईएसआर१ या, ईआर प्रथिन बनवणाऱ्या जनुकातील उत्परिवर्तन रक्तातील डीएनएवर शोधता येते; अरोमाटेज प्रतिबंधक (लेट्रोझोलसारख्या) गोळ्या चालू असताना ते नव्याने उद्भवते, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या ब्लॉकमध्ये ते सापडण्याची अपेक्षा नसते. पीआयके३सीए या दुसऱ्या जनुकाचे उत्परिवर्तन मात्र जुन्या ब्लॉकवरही तपासता येते. रक्तात ते न आढळल्यास त्यावर थांबू नये, कारण गाठीतून रक्तात पुरेसा डीएनए उतरलेलाच नसेल. अशा वेळी ऊतीवर चाचणी करावी.

१७. २१ जनुकांची चाचणी सुचवली आहे. ती प्रत्येकाला लागते का?

नाही. ऑन्कोटाइप डीएक्स ही २१ जनुकांची चाचणी सुरुवातीच्या टप्प्यातील, ईआर-पॉझिटिव्ह आणि हर-टू-निगेटिव्ह गाठीसाठी आहे. गोळ्यांच्या जोडीला केमोची गरज आहे का, एवढ्या एका प्रश्नासाठी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलरएक्स या रुग्णांवरील अभ्यासात लसिका ग्रंथी मुक्त असलेल्या आणि ११ ते २५ गुण मिळालेल्या स्त्रियांना एकंदरीत केमोचा अधिक लाभ झाला नाही. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये १६ पासून पुढे थोडा लाभ दिसला. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह आजारात तिचा उपयोग नाही. खर्च लाखांत जात असल्यामुळे ‘निकाल कसा आला यावरून निर्णय बदलणार आहे का’ हे ऑन्कॉलॉजिस्टला थेट विचारावे. उत्तर नाही असेल तर ती करू नये. भारतात विकसित झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही चाचणी पाच प्रथिनांच्या आयएचसीवर आधारलेली असून तुलनेने स्वस्त आहे.

१८. वडिलांना स्तनाचा कर्करोग झाला आहे. पुरुषांमध्ये चाचण्या वेगळ्या असतात का?

चाचण्या, पद्धती आणि सीमारेषा त्याच. पुरुषांमधील बहुतेक गाठी ईआर-पॉझिटिव्ह असतात, म्हणून ईआर निगेटिव्ह आल्यास प्रश्न ७ मधील निरोगी नलिकांचा मुद्दा आवर्जून तपासावा. बीआरसीएची तपासणी, विशेषतः बीआरसीए-२ ची, स्तनाचा कर्करोग झालेल्या प्रत्येक पुरुषाला सुचवली जाते.